बेडी तुटली, पण दार उघडलें काय ?

मानसिक आरोग्य सेवेचा नवा कायदा इ. स. २०१७ सालीं संमत झाला व २०१८ सालीं तो अमलांत आला. ह्या कायद्याच्या ९५ व्या कलमानें मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें साखळदंड घालण्याची मनाई केली. १९ व्या कलमानें त्यास समाजांत राहण्याचा व समाजाचा घटक म्हणून वावरण्याचा हक्क दिला. कुटुंब घेत नाहीं, किंवा राहावयास घर नाहीं, एवढ्याच कारणावरून कोणासही इस्पितळांत ठेवून घेतां येणार नाहीं, असेंही त्याच कलमांत स्वच्छ लिहिलें आहे. कायद्याच्या पुस्तकांत ह्याहून उदार शब्द सांपडणें कठीण. परंतु तें पुस्तक मिटून आपण आपल्याच पेठेंतून चार पावलें चाललों तर काय दिसतें ? एखाद्या वाड्यांतली माडीवरची खोली दिवसाढवळ्या बंद असते. पाहुणे आले म्हणजे त्या खोलींतल्या मुलाचें नांव कोणी काढीत नाहीं. शेजाऱ्यांस सारें ठाऊक असतें, पण विचारलें तर कोणासच कांहीं ठाऊक नसतें. लोखंडाची बेडी कायद्यानें तोडली हें खरें. ह्या दाराची कडी मात्र तशीच आहे, आणि ती काढणें कोणत्याही कायदेमंडळाच्या हातचें नाहीं. तें काम आमच्या वाचकांचें आहे, आणि म्हणूनच हा विषय आज आम्ही त्यांच्यापुढें मांडीत आहों.

प्रथम रोगाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे; कारण ज्याचें नांव घेण्याची लाज वाटते त्यावर उपाय होत नाहीं. आपण सरसकट ज्यास वेड म्हणतों त्यांत निरनिराळे रोग येतात. स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता ह्या रोगांत जवळ कोणी नसतां माणसास आवाज ऐकूं येतात; सख्खा भाऊ अन्नांत विष घालतो, शेजारी आपल्या मनांतलें ओळखतो, असे संशय त्याच्या मनांत ठाम बसतात; पुढें पुढें तो बोलेनासा होतो, स्नान करीनासा होतो, आणि घरचे लोक त्यास आळशी म्हणूं लागतात. द्विध्रुवी विकारांत माणूस कांहीं दिवस अनावर उत्साहानें रात्रंदिवस जागतो, पैसा उधळतो, अशक्य मनोरथ रचतो. आणि पुढें तोच माणूस अंथरूण सोडीत नाहीं व त्यास जीव नकोसा होतो. हे रोग बहुधा ऐन उमेदीच्या वयांत प्रथम दिसूं लागतात. ज्या वयांत मुलानें परीक्षा उतरून पेढीवर बसावयाचें, मुलीच्या लग्नाचीं बोलणीं चालावयाचीं, नेमका त्याच वयांत घरावर हा घाला येतो. आनुवंशिक कल, मेंदूच्या व्यापारांतील बिघाड, आयुष्यांतले आघात, गांजासारखें व्यसन अशीं अनेक कारणें ह्यांत एकत्र येतात. आईच्या वळणाचा दोष, पूर्वजन्मींचें पाप किंवा बाहेरची बाधा ह्यांचा त्याशीं कांहीं एक संबंध नाहीं.

ह्या आपत्तीचा विस्तार केवढा आहे ? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें इ. स. २०१५-१६ सालीं बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तींत प्रौढ लोकांपैकीं शेंकडा ०.८ लोक त्या वेळीं तीव्र मानसिक आजारानें ग्रस्त आढळले, आणि अशा आजाऱ्यांपैकीं शेंकडा ७३.६ जण उपचाराविना होते. आमचे व्यापारी वाचक हिशेबांत चतुर आहेत; त्यांनीं हा आंकडा आपल्या गांवास लावून पाहावा. ज्या शहरांत एक लक्ष प्रौढ माणसें राहतात, तेथें ह्या प्रमाणानें आठशें रुग्ण असावयाचे आणि त्यांपैकीं जवळजवळ सहाशें जणांस योग्य औषधाचा एक डोसही पोंचत नसावयाचा. हे सहाशें लोक आहेत कोठें ? कांहीं देवळाच्या पायऱ्यांवर व स्टेशनच्या फलाटावर आहेत. ते आपणांस दिसतात. बाकीचे घरांत आहेत, आणि ते दिसूं नयेत अशी व्यवस्था आपणच केली आहे.

ही व्यवस्था आपल्या अंगवळणीं कशी पडली हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८५७ चा उठाव मोडल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १८५८ सालीं, इंग्रज सरकारनें वेड्यांसंबंधीं कायदे केले, आणि १९१२ सालीं त्यांच्या जागीं 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट' हा एकच मोठा कायदा आणला. ह्या कायद्यांचा सारा रोख बंदोबस्तावर होता. पोलिसानें धरावें, मॅजिस्ट्रेटानें हुकूम द्यावा, आणि भिंतीच्या आंत ठेवावें, असा तो क्रम. आपल्या प्रांतांत नागपुरास १८६४ सालीं, रत्नागिरीस १८८६ सालीं व ठाण्यास १९०१ सालीं अशीं इस्पितळें उभीं राहिलीं, आणि पुण्याजवळ येरवड्याचें सर्वांत मोठें झालें. "ह्याला ठाण्याला पाठवा," "त्याला येरवड्यास न्या," ही आपल्याकडील थट्टा त्याच काळची देणगी आहे. त्या येरवड्यांतच तो प्रसिद्ध तुरुंग आहे, ज्यांत महात्मा गांधींसह अनेक देशभक्तांनीं दिवस काढले. पण तुरुंगांतल्या शिक्षा झालेल्या कैद्यास सुटकेची तारीख तरी ठाऊक असते. इस्पितळांत गेलेल्यास तारीख नव्हती, अपील नव्हतें, आणि बाहेर त्याच्या नांवाचा जयघोष करणाराही कोणी नव्हता.

तथापि सर्व दोष परक्यांच्या माथीं मारून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. स्वराज्य १९४७ सालीं आलें. परंतु १९१२ चा तो कायदा आपण उराशीं धरून बसलों. त्याच्या जागीं नवा कायदा १९८७ सालीं केला आणि तो लागू करण्यास १९९३ साल उजाडलें. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांस केवळ ते मनोरुग्ण म्हणून तुरुंगांत ठेवणें बेकायदा आहे, हें सांगण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयास १९९३ सालापर्यंत थांबावें लागलें, आणि तेंही शीला बर्से ह्यांनीं गाऱ्हाणें नेलें म्हणून. पुढें ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली. आंतले रुग्ण साखळदंडांनीं बांधलेले होते, म्हणून त्यांस पळतां आलें नाहीं. अठ्ठावीस जीव गेले. त्या साखळ्या कोणा इंग्रजानें घातल्या नव्हत्या. आपल्याच लोकांनीं आपल्याच लोकांस दर्ग्याच्या छायेंत बरें वाटेल ह्या आशेनें तेथें सोडलें होतें, आणि आपल्याच लोकांनीं त्यांस बांधलें होतें. परकी सत्ता गेली म्हणजे परकेपणा जातो असें नाहीं. जोंपर्यंत घरांतलेंच एक माणूस आपण परकें मानतों, तोंपर्यंत आपलें स्वराज्य त्याच्यापुरतें आलेलेंच नाहीं.

इतकें करून रोग असाध्य असता, तर गोष्ट निराळी होती. परंतु वस्तुस्थिति उलट आहे. इ. स. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्या बंगाली वैद्यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील व रक्तदाबावरील गुण प्रसिद्ध केला. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड ह्यांनीं लिथियमचा उपयोग दाखविला, आणि १९५२ सालीं पॅरिसमधील डिले व डेनिकर ह्यांनीं क्लोरप्रोमाझीनचा. त्यानंतर ह्या वर्गांतलीं अनेक औषधें निघालीं. त्यांपैकीं कित्येक आज सरकारी रुग्णालयांतून मिळतात. ह्या औषधांनीं आवाज मंदावतात, संशय सैल पडतात, झोंप परत येते. पुष्कळ रुग्ण संसार व धंदा करण्याइतके बरे होतात. कांहींस मधून मधून रोगाची उसळी येते. कांहींस दीर्घकाळ आधार लागतो. उपचार जितका लवकर सुरू होईल तितका गुण अधिक, हेंही आतां निर्विवाद ठरलें आहे. म्हणजे जीं पहिलीं दोन-तीन वर्षें आपण लपविण्यांत, गंडेदोऱ्यांत व "वय आहे, होईल ताळ्यावर" ह्या समजुतींत घालवितों, तींच सर्वांत मोलाचीं असतात.

औषधाविषयीं एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. ह्या गोळ्यांनीं कोणास सुस्ती येते, कोणाचें वजन वाढतें, कोणाचे हात थरथरतात. हा त्रास खरा आहे. रुग्ण तक्रार करतो तेव्हां तो ढोंग करीत नसतो. त्यावर डॉक्टरकडे जाऊन मात्रा किंवा औषध बदलून घेणें हा उपाय आहे. आपल्याच मतानें गोळ्या बंद करणें हा नव्हे. "आतां बरा दिसतो, कशाला उगाच गोळ्या ?" ह्या एका वाक्यानें जितकीं घरें पुन्हां संकटांत लोटलीं, तितकीं क्वचितच दुसऱ्या कशानें लोटलीं असतील. मधुमेहाची गोळी आपण साखर उतरल्याबरोबर टाकून देतों काय ?

परंतु औषध म्हणजे सर्व उपचार नव्हे, आणि येथेंच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. औषध रोगाला आवरतें; माणसाला माणसांत परत आणणें हें घराचें, शेजाऱ्यापाजाऱ्यांचें व बाजाराचें काम आहे. ही आमची भावनेची भाषा नाहीं. तिला शास्त्राचा आधार आहे. इंग्लंडांत जॉर्ज ब्राऊन व त्यांचे सहकारी ह्यांनीं इस्पितळांतून घरीं परतलेल्या छिन्नमनस्क रुग्णांचा माग ठेवला व १९७२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या घरांत सतत टोंचणी, राग किंवा जीव गुदमरविणारी अतिकाळजी होती, तेथें नऊ महिन्यांत शेंकडा ५८ रुग्णांस रोग उलटला. ज्या घरांत बोलणें शांत होतें, तेथें शेंकडा १६ जणांस. म्हणजे "तुझ्यामुळें आम्हांला तोंड दाखवायला जागा राहिली नाहीं" हें वाक्य रुग्णाला रोगाकडे ढकलतें, आणि "आज डोक्यांतला गलबला कमी आहे का रे ?" हा साधा प्रश्न त्यास आधार देतो. त्याच्या भ्रमास होकार देऊं नये, आणि त्यावर वादही घालूं नये. "तुला तसें ऐकूं येतें आहे, मला येत नाहीं, पण तुला भीति वाटते हें मला कळतें," एवढें म्हणावें. ही भाषा शिकण्यास पैसा लागत नाहीं, पण ती शिकावी मात्र लागते.

आपल्या देशांत तर ह्या कामीं आपण जगास धडा घालून दिला आहे. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयाचे डॉ. विद्यासागर ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकले आणि नातेवाइकांस रुग्णांसोबत राहण्यास बोलाविलें. आई-बाप उपचार पाहूं लागले, दुसऱ्यांचीं दुःखें ऐकूं लागले, आणि बरा होणारा शेजारचा रुग्ण पाहून त्यांची भीति गेली. घरीं परत नेण्याचा प्रश्न कठीण उरला नाहीं. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ शहरांत छिन्नमनस्क रुग्णांची तुलना केली, त्यांत आग्रा होतें. कांहीं वर्षांनंतर पाहतां आग्र्याच्या रुग्णांची स्थिति श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षां सरासरीनें बरी आढळली. ह्या निष्कर्षावर पंडितांत पुढें पुष्कळ वाद झाले, आणि केवळ एकत्र कुटुंबाच्या अभिमानानें फुगून जाण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. परंतु आपल्याकडे भांडवल आहे, एवढें त्यावरून खास दिसतें. तें आपण कोंडून ठेवतों कीं कामास लावतों, हा प्रश्न आहे.

हें भांडवल कसें लावावें ह्याचा एक नमुना आपल्याच सातारा जिल्ह्यांत, गोव्यांत व तामिळनाडूंत पाहावयास मिळाला. २८२ छिन्नमनस्क रुग्णांवरील हा प्रयोग २०१४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. कांहीं रुग्णांस केवळ दवाखान्यांतील उपचार दिले. इतरांस त्याखेरीज गांवांतलेच, डॉक्टर नसलेले पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरीं जाऊन भेटत. औषध घेतलें कीं नाहीं हें पाहणें, घरच्यांस रोग समजावून देणें, स्नानापासून बाजारहाटापर्यंत रोजचे व्यवहार पुन्हां अंगवळणीं पाडणें, आणि काम मिळवून देण्यास मदत करणें, हें त्यांचें काम. वर्षाअखेर ह्या दुसऱ्या गटाचा रोग व परावलंबन अधिक उतरलेलें आढळलें. फरक माफक होता, पण तो खरा होता. आणि त्यासाठीं मोठी इमारत लागली नाहीं, शिकलेला व गोड बोलणारा शेजारी लागला. महाराष्ट्राच्या चार मानसिक रुग्णालयांच्या मंजूर खाटा ५,६९५ अशा मोजल्या जात आल्या आहेत. २०११ च्या खानेसुमारींत ह्या राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लक्षांवर होती. शेंकडा ०.८ चें प्रमाण धरलें तर रुग्ण कित्येक लक्ष भरतात. तेव्हां ह्या प्रश्नाचा उलगडा खाटा वाढवून होणार नाहीं, हें सांगावयास गणिती नको.

ह्यावर आमच्याकडे येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, "वेडा माणूस अंगावर येतो." वस्तुतः ह्या रुग्णांपैकीं बहुतेक जण कोणासही इजा करीत नाहींत, मार खाण्याचाच प्रसंग त्यांच्यावर अधिक येतो. रोगाच्या भरांत कोणी अनावर झालाच, तर त्यासाठीं कायद्यानें तात्पुरत्या दाखल्याची सोय ठेवली आहे. दुसरा आक्षेप, "आम्ही सारे उपाय केले, आतां आम्हीच थकलों." हा आक्षेप नव्हे, हें सत्य आहे, आणि त्यापुढें आम्ही मान लववितों. वीस वर्षें मुलाचें औषध सांभाळणाऱ्या व "माझ्यामागें ह्याचें कसें होईल ?" ह्या एका चिंतेनें रात्रीं जागणाऱ्या आईस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तिचा भार हलका करणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे. तिसरा आक्षेप देवस्थानांचा. श्रद्धेवर प्रहार करण्याचा आमचा हेतु नाहीं. गुजरातेंत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या ठिकाणीं 'दवा आणि दुआ' ह्या नांवानें प्रार्थनेबरोबर मानसोपचाराचीही सोय झाली, आणि दुआ मागावयास आलेल्यांनीं दवाही घेतली. परंतु भूत काढण्याच्या मिषानें दोरानें बांधणें, काठीनें मारणें, मिरचीची धुरी देणें हा आपल्या राज्यांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे, हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, ती रूढि आहे, आणि ती सर्वांत घातक आहे. "लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल." रोग लपवून लग्न लावणें म्हणजे एका आजाऱ्याचे दोन दुःखी जीव करणें होय. परक्या घरची मुलगी फसविली जाते. रुग्णावर नव्या जबाबदारीचा बोजा पडतो. गुपित राखण्यासाठीं गोळ्या बंद होतात, आणि सहा महिन्यांत सर्व उघडकीस येतें. मग दोष येतो मुलीच्या पायगुणावर. ह्या रुग्णांनीं लग्नच करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. उपचार घेऊन स्थिर झालेला मनुष्य सर्व सांगून संसार करूं शकतो. सर्वोच्च न्यायालयानेंही १९८८ सालीं असें ठरविलें कीं, छिन्नमनस्कता हें नुसतें नांव घटस्फोटास पुरेसें नाहीं. रोगाची तीव्रता व संसारावरील परिणाम पाहिला पाहिजे. न्यायालय रोगाच्या नांवाला भीत नाहीं. आपणही भिऊं नये; मात्र लपवूंही नये.

वकिलीच्या व्यवसायांत आमच्या दृष्टीस एक प्रकार वारंवार पडतो. भाऊ आजारी पडला तर त्यास डॉक्टरकडे नेण्यास वर्षें लागतात. पण वाटणीची वेळ आली म्हणजे तो वेडा आहे असें ठरवून घेण्यास एक दिवस लागत नाहीं. अशा बंधूंनीं कायदा नीट वाचावा. २०१७ च्या कायद्याचें तिसरें कलम म्हणतें कीं, मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी मनुष्य विकृतचित्त ठरत नाहीं. तसें सक्षम न्यायालयानें ठरवावें लागतें. आणि १८७२ चा करारांचा कायदा, जो आमच्या व्यापारी वाचकांच्या रोजच्या व्यवहाराचा आहे, त्याच्या १२ व्या कलमांत असें उदाहरणच दिलें आहे कीं, वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्ण मधून मधून शुद्धीवर असेल, तर त्या अवधींत तो करार करूं शकतो. दीडशें वर्षांपूर्वींच्या परकी कायदेपंडितास जें कळलें, तें आपणांस अजून कळूं नये काय ? शुद्धि ही एकदां विझली कीं कायमची विझणारी ज्योत नाहीं. ज्यास आपण बुडीत खात्यांत घातलें, त्याच्याकडून पुष्कळ कांहीं वसूल होण्यासारखें असतें.

म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंति अशी आहे. बऱ्या होत असलेल्या माणसास पगाराच्या कामाइतकें गुणकारी दुसरें कांहीं क्वचितच असतें. त्यास दया नको, काम द्या. सकाळीं औषधाची सुस्ती असते म्हणून त्यास तासभर उशिरां येऊं द्या. दिवाळीच्या गर्दींत गल्ल्यावर बसवूं नका. माल मोजणें, बिलें लावणें, खतावणी उतरणें असें ठराविक, शांत काम सोंपवा. डॉक्टरकडे जाण्याच्या दिवशीं रजा द्या व तिचा बोभाटा करूं नका. चुकला तर इतर गड्यांस जसें सांगतां तसेंच त्यासही सांगा, सर्वांदेखत "गोळी घेतलीस ना?" असें विचारूं नका. आणि मजुरी इतरांइतकीच द्या. पहिले कांहीं महिने तो रखडेल; नवा मुनीमही रखडतो.

कुटुंबांनीं दोन कागद अवश्य करून ठेवावे. मालमत्तेसाठीं आपण मृत्युपत्र करतों. तसाच ह्या कायद्यानें प्रौढ माणसास आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. पुढें आजार उसळला तर कोणते उपचार हवे, कोणते नको, हें त्यानें बऱ्या स्थितींत लिहून ठेवावें, आणि आपल्या वतीनें बोलण्यास एक प्रतिनिधि नेमावा. ह्यानें रुग्णाचा मान राहतो व घरांतले वाद मिटतात. कोणाच्या तोंडीं जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर ती धमकी समजूं नये. त्यास एकटें सोडूं नये व लगेच डॉक्टरकडे न्यावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरांत व प्रत्येक दुकानांत भिंतीवर लिहिलेला असावा.

सरकारासही आमचें कांहीं म्हणणें आहे. कायद्याचें १९ वें कलम समाजांत राहण्याच्या हक्काबरोबर मधलीं घरें व लहान गटांचीं निवासस्थानें उभारण्याचा बोजा सरकारवर टाकतें. तीं घरें पुरेशीं नव्हतीं म्हणून काय झालें हें २०२१ सालीं जगजाहीर झालें. बरे झालेले रुग्ण भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविणें ताबडतोब थांबवा, असें सर्वोच्च न्यायालयास महाराष्ट्र सरकारला सांगावें लागलें. ज्यानें रोगावर मात केली, त्यास बक्षीस म्हणून भिकाऱ्यांत नेऊन बसविणें हा कोणता न्याय ? ह्याच महाराष्ट्रांत कर्जत येथें डॉ. भरत वाटवाणी ह्यांची श्रद्धा संस्था रस्त्यांवरील मनोरुग्ण उचलून, बरे करून, दूरदूरच्या प्रांतांतील त्यांच्या घरीं पोंचवितें. त्या कामासाठीं वाटवाणी ह्यांस २०१८ चें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जें एका संस्थेस साधतें, तें राज्याच्या खजिन्यास साधूं नये ? प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत हीं औषधें बारमहा, खंड न पडतां मिळालीं पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यांत मधलें घर पाहिजे. घरोघर जाणारे शिकलेले कार्यकर्ते पाहिजेत. आणि नगरपालिकांनीं निदान एक खोली अशी द्यावी कीं जेथें हे लोक दिवसा बसतील, काम शिकतील, आणि त्यांच्या आयांस चार तास श्वास घेतां येईल. ही मागणी मोठी नाहीं. पुढील निवडणुकींत मतें मागावयास येणाऱ्यांस आमच्या वाचकांनीं हा प्रश्न अवश्य विचारावा.

पण सरकार करील तेव्हां करील. आपण आज काय करावें? ज्या घरांतील माडीवरची खोली बंद आहे असें आपणांस ठाऊक आहे, त्या घरीं जावें. कुतूहल म्हणून जाऊं नये, शेजारधर्म म्हणून जावें. मुलाचें नांव घेऊन तो कसा आहे असें विचारावें, जसें कावीळ झालेल्या मुलाविषयीं विचारतों तसें. संक्रांतीस त्याच्याही हातावर तिळगूळ ठेवावा, आणि मुंजीच्या आमंत्रणांत त्याचेंही नांव घालावें. दाराची कडी लाजेनें आंतून लावलेली आहे. आणि ती लाज आपल्या कुजबुजीनें उत्पन्न केली असल्यामुळें ती काढण्याचें पहिलें पाऊल बाहेरच्यांनींच टाकलें पाहिजे. असें प्रत्येक पेठेंत दहा घरांनीं जरी केलें, तरी २०१७ च्या कायद्याचें १९ वें कलम कागदावरून उतरून रस्त्यावर चालूं लागेल.